ठाण्यापासून शीवपर्यंत

श्रोतेहो, नमस्कार.

मी निवृत्त मोटरमन. आयुष्यभर लोकल चालवली, आता ठाणे पूर्वेला कोपरीत राहतो. डॉक्टर नाही, योगशिक्षक नाही. आज बोलणार आहे कमरेखालच्या काही स्नायूंबद्दल आणि त्यांच्या व्यायामाबद्दल, तेही पुरुषांच्या. घरात पाहुणे बसले असतील तर आवाज जरा कमी करा, बंद मात्र करू नका. पाहुण्यांमधल्याच कुणाला तरी याची गरज असते, असा माझा अनुभव आहे.

नाटकाला गेलात की बघा. साठीच्या पुढचा एखादा गृहस्थ तिकीट काढतानाच कडेची खुर्ची मागून घेतो. पहिला अंक रंगात आलेला असताना, पडदा पडायच्या पाच मिनिटं आधी, तो वाकून बाहेर सटकतो. त्याला नाटक आवडलेलं नसतं असं नाही. मध्यंतराची रांग त्याला झेपणारी नसते. त्या रांगेत एकमेकांकडे बघून आम्ही हसतो आणि पावसावर बोलतो.

चार वर्षांपूर्वी माझं प्रोस्टेटचं ऑपरेशन झालं. प्रोस्टेट म्हणजे अक्रोडाएवढी ग्रंथी. मूत्राशयाच्या अगदी खाली असते आणि लघवीची नळी तिच्या मधून जाते. वय वाढलं की बहुतेकांची ती वाढते, तो कॅन्सर नव्हे. माझ्यात मात्र कॅन्सर निघाला. लवकर सापडला, म्हणून अख्खी ग्रंथी काढून टाकता आली. ऑपरेशननंतर लघवीसाठी मूत्राशयात रबरी नळी घालून ठेवली होती. डॉक्टर म्हणाले, "ही नळी काढल्यावर काही दिवस थोडी लघवी गळेल, घाबरू नका." त्यातला ‘थोडी’ हा शब्द मी घट्ट धरून बसलो होतो.

नळी काढली, घरी आलो. संध्याकाळी बायकोनं डाळीला फोडणी दिली, मिरचीचा ठसका लागला, खोकलो, आणि लेंगा भिजला. खुर्चीतून उठलो, पुन्हा भिजला. पाण्याची बादली उचलली, पुन्हा तेच. रात्री झोपेत मात्र कोरडा. मला वाटलं, आत काहीतरी कापलं गेलंय आणि हे आता जन्माचं दुखणं.

तसं नव्हतं. पुरुषाच्या लघवीच्या वाटेवर दोन ब्रेक असतात. एक मूत्राशयाच्या तोंडाशी. तो आपोआप चालतो, आपल्या हुकमात नसतो. दुसरा प्रोस्टेटच्या खाली, तो आपल्या ताब्यातला, आणि त्याला आधार देणारी स्नायूंची एक झोळी पुढच्या हाडापासून मागच्या माकडहाडापर्यंत ताणलेली असते. इंग्रजीत तिला पेल्विक फ्लोअर म्हणतात. मराठी पुस्तकात श्रोणितल असा शब्द सापडतो, पण तो मी कुणाच्या तोंडून ऐकलेला नाही. आपण झोळीच म्हणू. मूत्राशय आणि आतडं या झोळीवर टेकलेलं असतं. ऑपरेशनमध्ये प्रोस्टेट जाते तेव्हा तिच्याबरोबर वरच्या ब्रेकचं कामही बहुतेक जातं. सगळा भार खालच्यावर येतो, आणि त्याला एवढ्या कामाची सवय नसते.

आमच्या लोकलमध्ये डेडमन हँडल असतं. मोटरमननं ते सतत दाबून धरायचं. त्याला चक्कर आली, हात सुटला, की ब्रेक लागून गाडी उभी राहते. माझ्या शरीरात नेमकं उलटं झालं होतं. हात सुटला की गाडी सुटत होती.

डॉक्टरांनी फिजिओथेरपीला पाठवलं. मला वाटलं गुडघ्याचा शेक वगैरे असेल. समोर माझ्या मुलीच्या वयाची मॅडम. पाच मिनिटं मी ठाण्यातल्या ट्रॅफिकवर बोललो. तिनं ऐकून घेतलं आणि विचारलं, "काका, दिवसाला पॅड किती लागतात?" इतकं सरळ विचारलं की लाजायला जागाच उरली नाही. चार, मी म्हटलं.

मग तिनं तो स्नायू शोधायला शिकवलं. "समजा तुम्ही लिफ्टमध्ये आहात. आत शेजारीपाजारी आहेत. आणि गॅस सुटायला आलाय. काय कराल?" मी केलं. ती म्हणाली, "काका, तुम्ही उंच झालात." खरंच की, ढुंगण आवळून मी खुर्चीवरून इंचभर वर आलो होतो. मांड्या आवळलेल्या, पोट आत, श्वास कोंडलेला. "उंच व्हायचं नाही. शेजारच्याला कळता कामा नये. बाहेरचं काहीच हलायचं नाही, फक्त आत उचलायचं." हे झालं मागच्या दारापुरतं. लघवीसाठी पुढचा भाग ओढता यायला हवा. त्याला ती म्हणाली, "थंडीत गार पाण्यात उतरताना शरीर कसं आखडून घेतं, पुढचं इंद्रिय आत खेचल्यासारखं, तसं करा." हे मला लगेच समजलं. लहानपणी गावाला पौषात पहाटे विहिरीत उतरायचो. पन्नास-पंचावन्न वर्षांनी ती आठवण अशा कामाला येईल असं वाटलं नव्हतं. घरी आरशासमोर उभं राहून खात्री करता येते. बरोबर जमलं तर वृषण किंचित वर उचलले जातात आणि इंद्रिय मुळाशी आत जातं.

लघवी करताना मध्येच धार थांबवून बघ, असं मित्र सांगतात. स्नायू कुठला ते कळावं म्हणून एखाद्या वेळी ठीक आहे. तो रोजचा व्यायाम करू नका, मूत्राशय नीट रिकामं होण्याची सवय मोडते. नळी आत असतानाही हा व्यायाम करायचा नसतो. आणि ऑपरेशन ठरलेलं असेल तर आधीच शिकून घ्या. मी नंतर शिकलो, म्हणजे गाडी चालू असताना ब्रेक शोधत बसलो.

आता व्यायाम. आधी पाठीवर झोपून, गुडघे वाकवून. जमायला लागला की बसून, मग उभं राहून. आवळून धरायचं, मग तितकाच वेळ पूर्ण सोडायचं. सुरुवातीला मला तीन सेकंदसुद्धा धरता येत नव्हतं. मध्येच निसटायचं आणि मला कळायचंही नाही. उद्दिष्ट दहा सेकंदांचं. असं दहा वेळा, आणि नंतर दहा झटपट आवळ्या, लगेच सोडायच्या. दिवसातून तीनदा. मॅडमनी सांगितलं, आकडे मोठ्यानं म्हणा, म्हणजे श्वास कोंडला जाणार नाही. मला आकड्यांचा कंटाळा. मी स्टेशनं म्हणायला लागलो. सेकंदाला एक स्टेशन. ठाणे, मुलुंड, नाहूर इथपर्यंत पहिला आठवडा. पंधरा दिवसांनी भांडुप. कांजूरमार्गला बरेच दिवस सिग्नल मिळेना. ठाण्यापासून मोजलं तर दहावं स्टेशन शीव. शीवला पोहोचायला मला अडीच महिने लागले. परिणाम दिसायला तीनेक महिने द्यावे लागतात हे तिनं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, मीच ऐकलं नव्हतं.

व्यायामाइतकीच कामाची गोष्ट म्हणजे वेळ. स्टेशन आल्यावर ब्रेक लावणारा मोटरमन फलाटाच्या पुढे जाऊन थांबतो. ब्रेक आधी लागतो. खोकला येणार, शिंक येणार, बादली उचलायची, खुर्चीतून उठायचं, की त्याच्या क्षणभर आधी आवळायचं. फोडणीचा वास आला की मी आवळायचो. बायको म्हणायची, तोंड असं का करतोस?

तिला सगळं सांगितल्यावर ती म्हणाली, "हे होय! धाकट्याच्या बाळंतपणानंतर मला हेच शिकवलं होतं." मी म्हटलं, मग मला बोलली नाहीस ते? म्हणाली, "तू कधी विचारलंस?" खरं आहे. हे व्यायाम ज्यांच्या नावानं ओळखले जातात ते अर्नोल्ड केगल अमेरिकेतले स्त्रीरोगतज्ज्ञ. 1948 साली त्यांनी बाळंतपणानंतर लघवी गळणाऱ्या बायकांसाठी ते मांडले. पुरुषांनाही हीच झोळी असते, पण बायकांचा व्यायाम असा शिक्का बसला आणि आम्ही कितीतरी वर्षं तिकडे फिरकलो नाही.

पॅडवरूनही बोलणी खाल्ली. औषधाच्या दुकानात मी पॅड मागितले, खालच्या आवाजात. दुकानदारानं न सांगता वर्तमानपत्रात गुंडाळून दिले. घरी आल्यावर मी तणतणलो की चोरीचा माल असल्यासारखं काय देतात. बायको डाळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "आम्ही चाळीस वर्षं तसंच आणतोय." पुढच्या वेळेपासून मी कागद घेतला नाही.

तलावपाळीवर सकाळी फिरायला येणारा आमचा एक मित्र योगवाला. त्याचं म्हणणं, यात नवीन काय, ही अश्विनी मुद्रा, हा मूलबंध. बरोबर आहे त्याचं. हठयोगात गुदद्वार आकुंचन करून सोडायला अश्विनी मुद्रा म्हणतात, घोडीवरून नाव पडलंय. मूलबंधात तोच भाग आवळून वर ओढून धरतात. मॅडमना विचारलं तर म्हणाल्या, करा की, फक्त सगळा जोर मागे जाऊ देऊ नका, तुमचं दुखणं पुढचं आहे. मित्राला हे उत्तर पटलं नाही. आमचा वाद अजून चालू आहे.

आता एक इशारा, कारण तो मला कुणी आधी दिला असता तर बरं झालं असतं. चौथ्या महिन्यात मी दिवसाला तीनच्या जागी दहा वेळा करायला लागलो. बसमध्ये, रांगेत, टीव्हीसमोर. आठवड्याभरात वृषणांच्या मागे दुखायला लागलं आणि लघवी अडखळायला लागली. आमच्याकडे याला ब्रेक बाइंडिंग म्हणतात. ब्रेक लागतो पण सुटत नाही, चाक घासत राहतं आणि तापतं. स्नायू सोडणं हा निम्मा व्यायाम आहे. काही पुरुषांची झोळी मुळातच कायम आवळलेली असते. त्यांना ओटीपोटात, बसण्याच्या जागी जुनाट दुखणं असतं, लघवी सुरू व्हायला वेळ लागतो. त्यांनी माझं ऐकून आवळत बसू नये. त्यांना सोडायला शिकावं लागतं, तेही जाणकाराकडून. लघवीतून रक्त आलं, लघवी अडली, जांघेत बधिरपणा आला, तर व्यायाम नाही, थेट डॉक्टर.

ऑपरेशन झालेलं नसलं तरी यातलं एक काम सगळ्यांना उपयोगी आहे. लघवी करून चेन लावली, दोन पावलं चाललो, आणि चार थेंब पँटवर. फिकट रंगाची पँट असली की लगेच दिसतं. झटकून हे जात नाही, कारण ते थेंब लघवीच्या नळीच्या खालच्या वळणात साठलेले असतात. लघवी संपल्यावर घट्ट एकदा आवळा. तरी राहिले तर वृषणांच्या मागे दोन बोटं टेकवून हलकेच पुढे सरकवत आणा. घरी करा, सार्वजनिक जागी दार असलेल्या संडासात.

मोटरमनच्या डब्यात शौचालय नसतं. त्यामुळे प्रत्येक फेरीआधी गरज असो-नसो जाऊन यायचं, आणि पाणी कमी प्यायचं. निवृत्त झाल्यावरही ती सवय राहिली. मोठ्या माणसाच्या मूत्राशयात साधारण 300 ते 500 मिलिलिटर मावतं, पण दर तासाला रिकामं करत राहिलं की ते थोडक्यातच घंटा वाजवायला शिकतं. पाणी कमी प्यायल्यानं लघवी दाट होते आणि उलट जास्त टोचते. चहा मी सहावरून दोनवर आणला. बद्धकोष्ठ असेल तर आधी ते बघा, रोज कुंथण्यानं झोळीवर खालून नव्हे, वरून जोर पडतो.

आता ती दुसरी गोष्ट. खाली मान घालून ऐकलीत तरी चालेल. झोळीतलेच काही स्नायू इंद्रियाच्या मुळाशी असतात आणि ताठरता टिकवायला मदत करतात. ब्रिटनमधल्या फिजिओथेरपिस्ट ग्रेस डोरी यांनी ताठरतेची तक्रार असलेल्या 55 पुरुषांना हे व्यायाम शिकवले होते. सहा महिन्यांनी त्यातल्या 40 टक्के पुरुषांची तक्रार गेली, आणखी काहींना फरक पडला, आणि साधारण चौथ्या हिश्श्याला काहीच उपयोग झाला नाही. ऑपरेशनमध्ये नसांना धक्का बसलेला असेल तर गणित वेगळं, त्याचं मी बोलत नाही. पण ही तक्रार नव्यानं सुरू झाली असेल तर रस्त्यावरच्या तंबूतल्या वैद्याकडे जाण्याआधी साखर आणि रक्तदाब तपासा. कधीकधी हृदयाच्या दुखण्याची ती पहिली खूण असते.

माझं म्हणाल, तर सातव्या महिन्यात पॅड सुटले. जोराची शिंक आली की अजून एखादा थेंब निसटतो. नाटकाला मी मधली खुर्ची घेतो.

वेळ संपत आलाय. जाता जाता एकदा सगळे मिळून करू. रेडिओ हे या व्यायामाला उत्तम ठिकाण, मी तुम्हाला दिसत नाही आणि तुम्ही मला. दहा सेकंद शांत बसणं मात्र रेडिओला परवडत नाही, म्हणून स्टेशनं मी म्हणतो. खुर्चीत सैल बसा. मांड्या ढिल्या, पोट ढिलं, उंच व्हायचं नाही. श्वास चालू. आवळा.

ठाणे. मुलुंड. नाहूर. भांडुप. कांजूरमार्ग. विक्रोळी. घाटकोपर. विद्याविहार. कुर्ला. शीव.

सोडा. पूर्ण सोडा, आता परतीची गाडी.

शीव. कुर्ला. विद्याविहार. घाटकोपर. विक्रोळी. कांजूरमार्ग. भांडुप. नाहूर. मुलुंड. ठाणे.

नमस्कार.