‘जीव सापडला’ म्हणण्याआधी

(नागपूर येथे दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)

मित्रहो, २०२० च्या जूनमध्ये लोणारचं पाणी गुलाबी झालं, ते तुम्हाला आठवत असेल. प्रकरण आपल्या इथल्या खंडपीठासमोर गेलं आणि नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेला नमुने घ्यायला सांगण्यात आलं. सुरुवातीला संशय होता शेवाळावर. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने तपासलं, तेव्हा निघाले हॅलोआर्किया, म्हणजे भरपूर मिठातच सुखाने नांदणारे, अंगात गुलाबी रंगद्रव्य असलेले सूक्ष्मजीव. त्यांचा थर तळाशी बसला की पाणी पुन्हा नितळ दिसायचं. आता बघा, सरोवर आपल्या बुलढाण्यात, बाटली गाडीत टाकून पुण्याला नेता येते, पृथ्वीवर जीवसृष्टी आहे याबद्दल कुणाला शंका नाही; तरी पहिला अंदाज चुकला. मग मंगळासारख्या परक्या ग्रहावर जीव आहे का, याचा अंदाज कोट्यवधी किलोमीटरवरून बांधायचा म्हणजे काय, याचा विचार करा.

लोणारचा आणि मंगळाचा संबंध मी ओढूनताणून जोडत नाहीये. बेसाल्टच्या काळ्या खडकावर अशनी आदळून झालेली आणि इतकी चांगली टिकलेली विवरं पृथ्वीवर फार थोडी आहेत. मंगळाचा पृष्ठभागही मुख्यतः बेसाल्टचाच, म्हणून जगभरचे भूवैज्ञानिक लोणारला येतात. आघाताच्या दाबाने खडकातल्या फेल्डस्पार या खनिजाची काच होते, तिला मास्केलिनाइट म्हणतात. ती लोणारमध्ये सापडते. तिची पहिली ओळख पटली १८६५ साली बिहारात शेरघाटीला पडलेल्या दगडात. हा दगड मंगळावरून आलाय हे कळायला पुढे शंभरावर वर्षं लागली.

आता १९७६. नासाच्या व्हायकिंग मोहिमेची दोन यानं मंगळावर उतरली. गिल्बर्ट लेव्हिन यांचा प्रयोग अगदी साधा होता. मंगळाच्या मातीवर पोषक द्रावणाचे थेंब टाकायचे. द्रावणातला कार्बन किरणोत्सारी. मातीत कुणी खाणारं असेल, तर तो कार्बन वायूच्या रूपात बाहेर येईल. आणि वायू आला! तीच माती आधी १६० अंशांपर्यंत तापवली, तर आला नाही. म्हणजे कुणीतरी होतं आणि उष्णतेने मेलं? पण पुन्हा थेंब टाकले तर वायू वाढला नाही, जिवंत काही असतं तर त्याने आणखी खायला हवं होतं. शेजारच्या दुसऱ्या उपकरणाने माती तापवून सेंद्रिय रेणू शोधले, तेही दिसले नाहीत. बहुतेकांनी फाइल बंद केली. लेव्हिन मात्र २०२१ मध्ये जाईपर्यंत ‘आम्हाला जीव सापडला होता’ या मतावर ठाम राहिले.

खरी मजा पुढे आहे. २००८ मध्ये फिनिक्स यानाला मंगळाच्या मातीत परक्लोरेट सापडलं. हे क्षार तापवले की सेंद्रिय रेणूंना जाळून टाकतात. म्हणजे ज्या उपकरणाने ‘सेंद्रिय काही नाही’ असं सांगितलं, त्याने कदाचित स्वतःच तो पुरावा भाजला होता. पुढे नासाच्या क्युरिऑसिटी गाडीला मंगळाच्या खडकांत सेंद्रिय रेणू मिळालेही. मग लेव्हिन बरोबर होते का? तसंही नाही. प्रारणांचा मारा झालेल्या परक्लोरेटमधून अशी रसायनं तयार होतात, की जी जीव नसतानाही तसाच वायू सोडू शकतात. ‘नाही’ म्हणण्याचा आधार डळमळला आणि ‘हो’ म्हणण्याचाही.

ताडोबात किंवा पेंचला गेलेल्यांना हे लगेच समजेल. मऊ चिखलात पाऊल पसरतं आणि बिबट्याचा ठसा वाघाएवढा दिसतो. जाणता वनरक्षक आधी माती बघतो, मग ठसा. पर्यटक मात्र तोवर फोटो पाठवून मोकळा!

दुसऱ्या ताऱ्याभोवती फिरणाऱ्या के२-१८बी या ग्रहाचं असंच झालं. १२४ प्रकाशवर्षं दूर. २०२५ च्या एप्रिलमध्ये खगोलशास्त्रज्ञ निक्कू मधुसूदन आणि सहकाऱ्यांनी, जेम्स वेब अंतराळ दुर्बिणीच्या निरीक्षणांत डायमिथाइल सल्फाइडच्या खुणा दिसत असल्याचं सांगितलं. पृथ्वीवर हा वायू मुख्यतः समुद्रातल्या सूक्ष्म वनस्पतींमुळे येतो. त्यांनी स्वतः जपूनच लिहिलं होतं, बातम्यांनी जपलं नाही. इतर गटांनी तीच निरीक्षणं पुन्हा तपासली, तर संकेत टिकेना. शिवाय हा रेणू ६७पी या धूमकेतूवरही आढळलाय, आणि तिथे काही समुद्र नाही. माझं मत विचाराल तर या ग्रहावर मी चार आणेही लावणार नाही.

लावायचेच झाले तर मंगळावरच्या जेझेरो विवरावर लावीन. २०२४ च्या जुलैमध्ये नासाच्या पर्सिव्हिअरन्स गाडीला तिथल्या एका जुन्या नदीपात्रात चिखलापासून बनलेला लालसर खडक दिसला. त्यावर बिबट्याच्या अंगासारखे ठिपके. कडा गडद, मधला भाग फिकट. त्यांत लोहाचं फॉस्फेट आणि लोहाचं सल्फाइड असावं, असं मोजमाप सांगतं. पृथ्वीवरच्या गाळात सूक्ष्मजीव सेंद्रिय पदार्थ खाताना लोह आणि गंधक वापरतात, तेव्हा हीच खनिजं मागे राहतात. जीवाशिवायही ती बनतात, पण त्यासाठी बहुधा जास्त उष्णता लागते आणि हा खडक फार तापल्याची चिन्हं नाहीत. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये शोधनिबंध आला, त्यात शब्द होता ‘संभाव्य जैवचिन्ह’. संभाव्य! आपले जयंत नारळीकर याच शिस्तीचे. हैदराबादहून फुगे सोडून ४१ किलोमीटर उंचीपर्यंतची हवा तपासली, जिवाणूंच्या तीन नव्या जाती मिळाल्या, तरी ‘हे बाहेरून आलेत असं यातून सिद्ध होत नाही’, हे सांगायला ती मंडळी विसरली नाहीत.

जेझेरोतल्या त्या खडकाचा तुकडा आज एका नळीत बंद आहे. जीव बहुधा हलकी समस्थानिकं, म्हणजे एकाच मूलद्रव्याचे कमी वजनाचे अणू, निवडून घेतो. गंधकाचं, लोहाचं, कार्बनचं ते प्रमाण बारकाईने मोजलं, तर ठिपके कुणी केले याचा बराच उलगडा होईल. पण तेवढी अवजड यंत्रं गाडीवर बसत नाहीत, नळीच इथे आणावी लागेल. नासाची नमुने आणण्याची योजना खर्चापायी अडली आहे. चीनची त्यान्वेन-३ मोहीम २०२८ च्या सुमारास निघायची आहे, ती मात्र स्वतः उतरेल तिथलीच माती आणेल. जेझेरोतली नळी आणायला कोण जाणार, हे आज तरी ठरलेलं नाही.