तिची पत्रं कुठे गेली?

नमस्कार. बसा, बसा, पुढे सतरंजीवर जागा आहे अजून. पत्रिकेत विषय छापलाय ‘युद्धकाळातली प्रेमपत्रं कशी वाचावीत’. त्यावर मी येणारच आहे, पण आधी माझ्या मावशीच्या ट्रंकेची गोष्ट सांगायला हवी, कारण मला जे काही सुचलंय ते सगळं त्या ट्रंकेतूनच आलंय.

मावशी १९७१ साली एम.ए.च्या पहिल्या वर्षाला होती, सदाशिव पेठेतल्या वाड्यातली मुलगी. काका तेव्हा अर्थात काका नव्हते. बॉम्बे सॅपर्समधला, म्हणजे लष्कराच्या इंजिनिअर दलातला जवान, खडकीचं केंद्र, मूळ गाव माण तालुक्यात. ओळख कशी झाली हे आमच्या घरात तीन वेगवेगळ्या तऱ्हेने सांगतात, त्यात नको जायला. ऑक्टोबरात पलटण हलली आणि पत्ता उरला तो एवढाच: नंबर, नाव, युनिट, केअर ऑफ ५६ एपीओ, म्हणजे आर्मी पोस्ट ऑफिस, फौजेचं टपाल. ज्यांच्या घरचं कुणी फौजेत आहे त्यांना हे सांगायला नको, पश्चिमेला आणि उत्तरेला ५६, पूर्वेला ९९. गावाचं नाव कुठेच नाही, शिक्क्यावरसुद्धा फील्ड पोस्ट ऑफिसचा नंबर आणि तारीख, बास. माणूस बर्फात आहे की वाळूत आहे हे तिला कळणारच नाही, आणि रोज रेडिओवर बातम्या ऐकताना प्रत्येक गावाचं नाव आलं की तिला वाटणार, इथेच असेल.

आता वाड्यावर पत्र आलं की ते आधी आजोबांच्या हातात पडणार. म्हणून ठरलं असं की पत्र हॉस्टेलवरच्या मैत्रिणीच्या पत्त्यावर यायचं आणि खाली सही मुलीच्या नावाची. पहिलंच पत्र आलं, रेक्टरबाईंनी पाकीट उलटंसुलटं करून बघितलं आणि मैत्रिणीला विचारलं, “तुमची ही मैत्रीण पलटणीत काय करते?” सही बदलता येते हो, शिक्का कसा बदलणार! (हशा) पण त्या बाईंचा भाऊ १९६२ च्या चीन युद्धात नेफात, म्हणजे आजच्या अरुणाचलात होता. त्यांनी पुढे एक शब्द काढला नाही, आणि त्यानंतरचं प्रत्येक पत्र स्वतः हातात आणून दिलं. मला त्या बाईंना नमस्कार करायचा होता, राहून गेलं.

३ डिसेंबरला युद्ध पेटलं, १६ ला ढाक्यात शरणागती, १७ ला पश्चिमेला युद्धबंदी. शाळेच्या पुस्तकात तिथे धडा संपतो. पण सुरुंग पेरलेले असतात ते युद्धबंदी झाली म्हणून आपोआप निघत नाहीत, ते काम सॅपर्सचं. शिवाय पाकिस्तानात शकरगडच्या बाजूला आपण घेतलेला मुलूख, २ जुलै १९७२ ला सिमला करार झाला तरी प्रत्यक्ष माघारी यायला डिसेंबर ७२ उजाडला, तोवर माणसं तिथेच. म्हणजे युद्ध दोन आठवड्यांचं आणि पत्रं चौदा महिन्यांची. त्याची ४३ पत्रं ट्रंकेत होती, सगळी नंबर घालून, नाडीने बांधलेली.

चार वर्षांपूर्वी मावशी गेली. तेराव्यानंतर नातेवाइकांनी घर आवरायला काढलं आणि ट्रंक तशीच्या तशी रद्दीवाल्याकडे. मला संध्याकाळी कळलं, मी धावत गेलो, किलोच्या भावाने परत विकत घेतली. माझा राग त्या रद्दीवाल्यावर नाही, त्याने ट्रंक उघडलीसुद्धा नव्हती. राग आहे तो पुढच्या गोष्टीचा. मी ती पत्रं घेऊन एका संस्थेत गेलो, नाव घेत नाही, तिथल्या गृहस्थांनी विचारलं, “हे कुणी प्रसिद्ध होते का?” म्हटलं नाही. “मग खाजगी पत्रव्यवहार आम्ही घेत नाही.” अहो, ज्या पुण्यात इतिहासाचार्य राजवाड्यांचं नाव आपण घेतो! त्या माणसाने वाड्यावाड्यांतून रुमाल, म्हणजे जुन्या कागदांची गाठोडी सोडून बघितली, वाईला पानिपतचे कागद हाती लागले, त्यातून १८९८ ला ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड निघाला. त्या पानिपतातलं आपल्याला सगळ्यांना पाठ काय आहे? ‘दोन मोती गळाले’. तो एका सावकाराचा खाजगी कागदच होता की! आणि पहिल्या महायुद्धात, १९१५ साली, फ्रान्समधून आपले शिपाई घरी लिहायचे की काळी मिरी संपत आली, काळी म्हणजे आपली माणसं, लाल मिरी म्हणजे गोरे. ते आज आपल्याला कळतं कारण तिथेच बूलोन बंदरात इंग्रजांचा सेन्सॉर बसला होता आणि तो पत्रांचे उतारे करून ठेवत होता. म्हणजे परक्या सरकारच्या सेन्सॉरने जपलं आणि आपण किलोवर घालायचं? मला हे सहन होत नाही.

चिठ्ठी आली आहे, दहा मिनिटं राहिलीत. बरं, मुद्द्यावर येतो, भराभर सांगतो.

मुद्दा हा की ट्रंकेत फक्त त्याची पत्रं आहेत. तिची एकही नाही. बहुतेक घरांत असंच सापडेल, कारण वाड्यात राहणाऱ्याकडे ट्रंक असते आणि खंदकात राहणाऱ्याकडे नसते. ३० नोव्हेंबरच्या पत्रात तो लिहितो, उद्या हलायचंय, खाजगी कागद जवळ ठेवायचे नाहीत, तुझी अकरा पत्रं आज जाळली, आधी प्रत्येक दोनदा वाचलं. नंतरची पत्रं ७२ च्या पावसात तंबूत पाणी शिरलं तेव्हा गेली. म्हणून ‘सैनिकाची प्रेमपत्रं’ वाचताना आपण त्याच्यावर खूश होतो आणि ती नुसती वाट बघणारी मुलगी होऊन बसते. तर त्याच्या उत्तरांतून तिला शोधून काढायचं, वाचायचं ते असं.

पाकीट मागून बघा, पत्र पोचल्याचा पुण्याचा शिक्का असतो. पुढची तारीख आणि मागची तारीख मांडली की पत्र किती दिवस प्रवासात होतं ते कळतं, आणि मग कुठलं उत्तर कुठल्या प्रश्नाचं ते जुळवता येतं. सप्टेंबर ७२ मध्ये तो लिहितो, पत्त्यात आता पिन घाल. पिनकोड आला १५ ऑगस्ट १९७२ ला, आणि तो बसवणारे श्रीराम भिकाजी वेलणकर आपलेच, संस्कृत कवी. त्यात नऊने सुरू होणारे आकडे फक्त फौजेचे.

आणि शेवटचं, ज्याच्यासाठी हे सगळं. १९७२, दुष्काळ, माण तालुका, त्याची आई खडी फोडायच्या कामावर. नोव्हेंबरच्या पत्रात एक ओळ आहे: “तू दहिवडीला येऊन गेलीस हे आईने भावाकडून लिहून कळवलं. तू का नाही लिहिलंस?” सदाशिव पेठेतली विद्यार्थिनी, लग्न ठरलेलं नाही, घरात कुणाला पत्ता नाही, स्वारगेटवरून एकटी एसटीने माणात जाते, त्या बाईला भेटते, परत येते आणि पुढची जवळजवळ पन्नास वर्षं कुणाजवळ बोलत नाही. आमच्या आईला माहीत नव्हतं. मला हे कळलं ते त्याचं हे पत्र उरलं म्हणून. मी काकांना विचारलं, ते म्हणाले, “आईला साडी दिली होती तिने.” आणि मग बराच वेळ गप्प बसले.

वेळ संपली. एकच विनंती, घरी ट्रंका उघडाल तेव्हा पत्रं ठेवून पाकिटं टाकून देऊ नका, शिक्के पाकिटांवर असतात. दाराजवळच्या टेबलावर माझा नंबर ठेवलाय, कधीही फोन करा, मी घरी येऊन बघतो.