त्याचा स्पीड, तिचा दम

रविवार, सकाळचे साडेसहा. आतकरवाडीतून सिंहगड चढायला लागलं की सुरुवातीला सगळे बोलत असतात, ऑफिस, पोरांचे क्लास, कात्रजचं ट्रॅफिक. मग चढ लागतो आणि गप्पा बंद.

ह्या गप्पा बंद होण्याकडेच बघायचंय. व्यायामाचा जोर वाढत गेला की एक पॉइंट येतो, त्यापुढे श्वास एकदम वाढतो आणि सलग वाक्य काही बोलता येत नाही, त्याला म्हणतात व्हेंटिलेटरी थ्रेशोल्ड. पॅन्टेलेइमॉन एक्केकाकिस या संशोधकाने 2003 साली मांडलं की ह्याच्या खाली बहुतेकांना छान वाटतं, आसपास कुणाला मजा येते कुणाला वैताग, आणि वर गेलं की जवळपास सगळ्यांचाच मूड उतरतो. बाई असो नाहीतर पुरुष. थांबलं की मात्र मूड झटकन वर, गडावर ताक पिताना "काय भारी वाटतंय" म्हणतो ना आपण, ते हेच (ताकाचाही वाटा आहेच म्हणा).

मग बाई-पुरुषांत फरक कुठे पडतो? तर स्पीडमध्ये. बायकांचं हिमोग्लोबिन सरासरी साधारण 12 टक्के कमी, हृदयही आकाराने लहान, त्यामुळे ऑक्सिजन वापरायची कमाल क्षमता सरासरीने कमीच. म्हणजे नवरा-बायको एकाच स्पीडने चढतायत, तो शिट्टी वाजवतोय आणि ती थ्रेशोल्डच्या वर गेलेली, आधीच वैतागलेली, त्यात हा मागे वळून "एवढ्यात दमलीस?" अर्थात उलटंही दिसतं, रोज तळजाई टेकडी चढणारी ती आणि रात्रीची बिर्याणी पोटात घेऊन आलेला तो.

आणि दुसऱ्याचा स्पीड किती महागात पडतो बघा. 2006 मधल्या एका अमेरिकन अभ्यासात वजन जास्त असलेल्या बायकांना त्यांनी स्वतः निवडलेल्या स्पीडपेक्षा फक्त 10 टक्के जास्त स्पीडने ट्रेडमिलवर चालवलं, तर तेवढ्यानेच त्यांना वाटणारं बरं कमी कमी होत गेलं.

असं वाटणं मोजायला एक सोपी पट्टी वापरतात, फीलिंग स्केल, अधिक 5 म्हणजे एकदम मस्त, उणे 5 म्हणजे नको नको. आम्ही वाटेत एका काकूंना विचारलं, आत्ता किती? कमरेवर हात ठेवून त्या म्हणाल्या, "आत्ता काही विचारू नका, वर भेटा."