चाकालतायाचा उतार

नमस्कार श्रोतेहो.

आज तुम्हाला एका लहानशा उताराविषयी सांगायचं आहे. स्कीइंगचा उतार, पण मोठ्या हॉटेलांचा, झगमगाटाचा नव्हे. दक्षिण अमेरिकेत बोलिव्हिया नावाचा देश आहे. तिथल्या ला पाझ शहराच्या वर चाकालताया हा डोंगर आहे. नेपाळच्या बाजूचा एव्हरेस्टचा बेस कॅम्प ज्या उंचीवर, साधारण त्याच उंचीवर, म्हणजे 5,300 मीटरांच्या आसपास, या डोंगरावर एक छोटी हिमनदी होती. जगातला सर्वांत उंच स्कीइंगचा उतार म्हणून तिची ख्याती होती. आणि त्या देशात स्कीइंगची जागा ही एवढीच.

2013 साली कामानिमित्त मी तीन आठवडे ला पाझला होते. ऑफिसातले एक ज्येष्ठ सहकारी एका रविवारी म्हणाले, ‘चला, माझी शाळा दाखवतो.’ साठीचे गृहस्थ. स्की ते याच उतारावर शिकले होते, आठ-नऊ वर्षांचे असताना.

ला पाझच 3,600 मीटरांवर आहे. तिथून एल आल्तो हे वरच्या पठारावरचं शहर, मग उघडं माळरान, चरणारे लामा, आणि पुढे कड्याच्या कडेनं वळत जाणारा कच्चा रस्ता. वर हवेचा दाब समुद्रकाठच्या जवळजवळ निम्मा. गाडीतून उतरून वीस पावलं चालले आणि दगडावर बसावं लागलं. डोकं ठणकत होतं. त्यांनी थर्मासमधला कोकाच्या पानांचा चहा पुढे केला आणि माझा श्वास जागेवर येईपर्यंत शांत उभे राहिले.

इथला क्लब, क्लुब आंदिनो बोलिव्हियानो, 1939 साली स्थापन झाला. त्याच सुमारास उतारावर माणसांना वर ओढणारी तार बसवली गेली. ती मोटारगाडीच्या इंजिनावर चालायची. बसायला खुर्ची वगैरे काही नाही. हातात लोखंडी आकडा घ्यायचा, धावत्या तारेला अडकवायचा आणि ती ओढेल तसं वर सरकायचं. आकडा सुटला की माणूस बर्फात आडवा. ‘खाली येणं सोपं होतं,’ ते म्हणाले, ‘वर जायलाच शिकावं लागायचं.’ पुण्याची माणसं रविवारी सिंहगडावर जातात ना, तशी शहरातली माणसं डबे घेऊन इथे यायची. हंगाम त्यांच्या पावसाळ्याचा, म्हणजे नोव्हेंबर ते मार्च. तेव्हाच तिथे ताजं बर्फ पडतं.

एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. 1947 साली सेझार लात्तेस हा विशीतला ब्राझिलियन शास्त्रज्ञ याच डोंगरावर फोटोग्राफीच्या खास काचा घेऊन आला. विश्वकिरणांचे, म्हणजे अवकाशातून येणाऱ्या सूक्ष्म कणांचे ठसे त्याला पकडायचे होते आणि त्यासाठी उंच जागा हवी होती. उंच शिखरं जगात पुष्कळ आहेत, पण तिथवर गाडीनं जाता येणं दुर्मीळ. इथे क्लबमुळे रस्ताही होता आणि निवाराही. त्या काचांवर पायॉन या अणूपेक्षाही सूक्ष्म कणाच्या खुणा उमटल्या. रविवारच्या हौशी मंडळींच्या वाटेनं भौतिकशास्त्र एवढ्या उंचीवर पोचलं.

आणि बर्फ? 1991 पासून शास्त्रज्ञ ही हिमनदी मोजत होते. 1998 मध्ये ती जेमतेम 6 हेक्टर उरली होती आणि बर्फाची जाडी 15 मीटरांच्या आत. एल निन्योच्या, म्हणजे प्रशांत महासागराचं पाणी नेहमीपेक्षा तापतं त्या वर्षी तिथे पाऊस कमी, म्हणजे नवं बर्फ कमी, आणि खालचं उघडं पडून झपाट्यानं वितळतं. हिमनदी लहान असली की कडेचे काळे खडक लवकर उघडे पडतात. ते उन्हानं तापतात आणि उरलेल्या बर्फाला कडेनं खात जातात. हिमनद्यांचे अभ्यासक एद्सोन रामिरेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अंदाज बांधला होता की 2015 च्या सुमारास ती संपेल. ती 2009 मध्येच संपली.

मी पाहिला तो नुसता लालसर-करडा दगडगोट्यांचा उतार. बाजूला क्लबची इमारत. समोर वायना पोतोसीचं पांढरंशुभ्र शिखर, त्याच्यावर अजून भरपूर बर्फ. मला त्या शिखरावरून नजर काढवेना. सोबतच्या गृहस्थांनी मात्र तिकडे एकदाही पाहिलं नाही. ते उताराच्या तोंडाशी गेले, हातानं हवेत रेघ ओढली. ‘इथून सुटायचं. तिथे डावीकडे वळायचं, कारण पुढे भेग होती. त्या मोठ्या दगडाशी आई उभी असायची.’

मी म्हटलं, ‘तो दगड तेव्हाही दिसायचा?’

‘नाही,’ ते म्हणाले, ‘तो बर्फाखाली होता. आई त्याच्या बरीच वर उभी असायची.’

मग त्यांनी गुडघे किंचित वाकवले, दोन्ही हात पुढे धरले आणि थोडा वेळ तसेच उभे राहिले. वारा फार होता. आम्ही गाडीकडे वळलो.