केमोचा दिवस आणि सदाफुलीची २५ पानं

श्रोतेहो, नमस्कार. लिम्फोमाच्या, म्हणजे पांढऱ्या पेशींच्या एका कर्करोगाच्या, रुग्णाला बहुतेकदा दर २१ दिवसांनी केमो घ्यायला जावं लागतं. सकाळी हलका नाश्ता करून निघा, उपाशी जायचं नसतं. आणि आदल्या दिवशीचा सीबीसी, म्हणजे रक्तपेशी मोजल्याचा रिपोर्ट, फायलीत वरच ठेवा. पांढऱ्या पेशींतल्या न्यूट्रोफिल, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पेशी, साधारण १५०० च्या खाली गेल्या असतील, तर डॉक्टर बहुधा आठवडाभर थांबायला सांगतात. घरचे वैतागतात, ‘एवढं येऊन परत?’ म्हणतात. म्हणून त्या पेशींची गोष्ट आधी सांगते.

१९५२ साल. कॅनडातले डॉक्टर क्लार्क नोबल यांना जमैकाहून एक पाकीट आलं. आत सदाफुलीची २५ पानं! हो, आपल्या कुंडीतली, देवाला वाहायची तीच सदाफुली. जमैकात लोक मधुमेहावर तिचा काढा पीत. क्लार्क यांनी तरुणपणी इन्शुलिनच्या शोधाची संधी नाणेफेकीत गमावली, असं सांगतात. या वेळी ते निवृत्त झालेले, म्हणून पानं गेली धाकट्या भावाकडे, रॉबर्ट यांच्याकडे. त्यांनी उंदरांना अर्क पाजला. साखर ढिम्म हलली नाही. मग तोच अर्क शिरेतून टोचला. साखर तरीही तशीच, पण आठवडाभरात उंदीर मेले, आणि तेही अंगभर गळवं होऊन! रक्त तपासलं तर पांढऱ्या पेशी कोसळलेल्या, हाडातला मगज दबलेला. मधुमेहाचं औषध गेलं, पण रॉबर्टच्या मनात आलं, हे पांढऱ्या पेशींना मारतं, तर पांढऱ्या पेशींच्याच कर्करोगाला का मारणार नाही? चार्ल्स बीअर या रसायनतज्ज्ञाच्या मदतीनं १९५८ पर्यंत व्हिनब्लास्टिन हे औषध हाती आलं. त्याचंच भावंड व्हिनक्रिस्टिन आज लिम्फोमाच्या केमोत असतं.

(एक सांगून ठेवते. मोबाइलवर फिरणारा सदाफुलीचा काढा कृपा करून पिऊ नका. आणि ते मेसेज पुढे ढकलणाऱ्या काकांना जरा बागकामाला लावा.)

तर उंदरांचं जे झालं, तेच थोड्या प्रमाणात माणसाचं होतं. म्हणून सीबीसी. पुन्हा सांगते, सीबीसीशिवाय केमो नाही.

वजन-उंची मोजून डोस ठरतो, मग औषधाची तयारी सुरू होते. इथे तासभर सहज जातो. शाल न्या, एसी बोचतो. हाताला सुई लावली की आधी उलटीचं आणि ॲलर्जीचं इंजेक्शन. रिटक्सिमॅब हे औषध असेल तर पहिल्या वेळी अगदी हळू सोडतात, तेव्हा थंडी भरू शकते. सिस्टरला सांगितलं की थांबवून पुन्हा सावकाश सुरू करतात. डॉक्सोरुबिसिन लालभडक असतं, पुढचा दिवसभर लघवीही लाल होते. ते रक्त नव्हे. व्हिनक्रिस्टिन एका वेळी जास्तीत जास्त २ मिलिग्रॅम, छोट्या सलाइनच्या पिशवीतून. ते फक्त शिरेतूनच द्यायचं. पाठीच्या मणक्यात गेलं तर जीव जातो. डॉक्सोरुबिसिन आणि व्हिनक्रिस्टिन या दोन्ही औषधांच्या वेळी सुईपाशी आग झाली, सूज आली तर भिडस्तपणा सोडा, तत्क्षणी सांगा. औषध शिरेबाहेर झिरपलं तर कातडी जळते. सायक्लोफॉस्फमाइडमुळे मूत्राशयाला त्रास होतो, म्हणून भरपूर पाणी आणि वारंवार लघवी. किडनी किंवा हृदयाचा आजार असेल तर पाण्याचं प्रमाण डॉक्टरांना विचारा.

संध्याकाळी घरी. प्रेडनिसोलोनच्या गोळ्या पाच दिवस, सकाळी, खाऊन झाल्यावर. रात्री घेतल्या तर झोप उडते. व्हिनक्रिस्टिननं पोट साफ होत नाही, बोटं मुंग्या येऊन बधिर होतात, शर्टाची बटणं लावणं अवघड जातं; पुढच्या वेळी हे सांगितलं तर डोस कमी करता येतो.

केमोनंतर सातव्या ते चौदाव्या दिवसांत पांढऱ्या पेशी सर्वांत कमी असतात. भेटायला येणाऱ्यांना तेव्हा फोनवरच बोला म्हणावं. ताप १००.४ झाला तर पॅरासिटामॉल देऊन सकाळची वाट पाहू नका. १००.४, रात्रीचे दोन वाजले असले तरी थेट हॉस्पिटल, आणि दारातच सांगा: ‘केमो चालू आहे.’