नेपाळला ट्रेनिंगला चाललात? मग हिंदी बाजूला ठेवा

नमस्कार मंडळी! मागे मी नेपाळमधल्या पीस कोअरच्या ट्रेनिंगबद्दल बोलले होते. तेव्हापासून कमेंटमध्ये एकच गोष्ट वेगवेगळ्या शब्दांत येतेय. "ताई, नेपाळ म्हणजे काय परदेश? तिथे सगळ्यांना हिंदी येतं." एका काकूंनी लिहिलंय, "माझी मुलगी न्यू जर्सीत वाढली, पण सिनेमे बघून बघून तिचं हिंदी पक्कं आहे. तिला काही जड जाणार नाही." काकू, तिलाच जास्त जड जायची शक्यता आहे, आणि आज मी त्यावरच बोलणार आहे.

त्याआधी नेहमीचे प्रश्न भराभर उरकते. पीस कोअर ही स्वयंसेवकांना परदेशात कामाला पाठवणारी अमेरिकन सरकारची संस्था, 1961 साली केनेडींच्या काळात सुरू झालेली. नेपाळमध्ये ती 1962 मध्ये आली, माओवादी संघर्षात 2004 ला बंद पडली आणि 2012 ला परत सुरू झाली. अर्जाला अमेरिकेचं नागरिकत्व लागतं. ग्रीन कार्ड चालत नाही, भारतीय पासपोर्ट तर नाहीच. भारतातल्या मुलांनी यूएन व्हॉलंटियर्सचा कार्यक्रम बघा, त्यांचं मुख्यालय जर्मनीत बॉनला आहे. मुदत 27 महिने. त्यातले पहिले साधारण तीन ट्रेनिंगचे, एका स्थानिक कुटुंबात राहून. तोवर तुम्ही ट्रेनी. शपथ झाली की व्हॉलंटियर. पगार नाही, गावात साधेपणाने राहता येईल इतका भत्ता मिळतो. पाणी उकळून प्या. पोट बिघडलं तर संस्थेच्या डॉक्टरांना लगेच फोन करा आणि 'जीवनजल'चं (तिकडच्या ओआरएसचं) पाकीट जवळ ठेवा. साप्ताहिक सुट्टी शनिवारी. घड्याळ भारताच्या पाऊण नाही, अर्धा नाही, फक्त पंधरा मिनिटं पुढे.

आणि हो, "माझ्या आईचं वय साठ, घेतील का?" असं कोणीतरी विचारलंय. वरच्या वयाला मर्यादाच नाही. जिमी कार्टर यांच्या आई, लिलियन कार्टर, 1966 साली 68 वर्षांच्या असताना पीस कोअरमधून आपल्या विक्रोळीत आल्या होत्या. नर्स होत्या, आणि 1968 पर्यंत तिथे काम केलं. तेव्हा त्यांचा मुलगा राष्ट्राध्यक्षही झालेला नव्हता. तुमच्या आईला नक्की अर्ज करू द्या.

आता हिंदी. ट्रेनिंगमध्ये सकाळी भाषेचे तास असतात, चार-पाच जणांचा गट आणि एक शिक्षक. मराठी किंवा हिंदी घरातलं मूल पहिल्या आठवड्यात सगळ्यांच्या पुढे असतं. पाट्या वाचता येतात, कारण लिपी आपलीच. क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं हे कुणी शिकवावं लागत नाही. ओहायोतून आलेला मुलगा बिचारा अजून 'क' गिरवत असतो. पण सहाव्या-सातव्या आठवड्यात चित्र पालटतं. ओहायोवाल्याला दुसरा आधारच नसतो, त्यामुळे अडला तरी तो नेपाळीतच अडतो आणि नेपाळीतच वाट काढतो. आपलं मूल अडलं की हिंदी शब्द टाकतं, समोरच्याला कळतं, काम होतं. काम झालं की शिकायचं कारणच उरत नाही. आमच्या गटात एक मुलगा होता, घरी गुजराती आणि हिंदी दोन्ही. गप्पांत सगळ्यात पटाईत. शेवटी भाषेची तोंडी परीक्षा असते. परीक्षक समोर बसून न चिडता, न थांबता बोलतं करतात. तिथे त्याच्या प्रत्येक दुसऱ्या वाक्यात हिंदी यायला लागलं. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. तीन महिने त्याला कुणी टोकलंच नव्हतं.

बरं, परीक्षा सोडा. गावात हिंदी कोणाला येतं ते बघा. जे पुरुष कामाला भारतात जाऊन आले, त्यांना चांगलं येतं. टीव्ही बघणाऱ्या तरुण मुलांना येतं. डोंगरातल्या गावात साठीच्या आमांना (आमा म्हणजे आई), शेतात राबणाऱ्या बायकांना बहुतेक वेळा नाही. आमच्या शेजारी एक गृहस्थ होते, मुंबईत कांदिवलीला बरीच वर्षं वॉचमन होते. मी मराठी आहे हे कळल्यावर त्यांना इतका आनंद झाला! रोज संध्याकाळी ओसरीवर येऊन बसायचे. "काय म्हणता, बरं आहे ना?" इथून सुरुवात, मग हिंदी. मनापासून सांगते, मलाही छान वाटायचं. पण एक दिवस लक्षात आलं की ते आले की मी जिच्या घरी राहत होते ती माझी आमा आणि तिची सून उठून आत जातात. आमच्या बोलण्यात त्यांना जागाच नव्हती. ज्या बायकांबरोबर मला पुढे दोन वर्षं काम करायचं होतं, त्याच बाहेर पडत होत्या. मग मी त्या काकांना प्रेमाने सांगितलं, "म नेपाली सिक्दैछु, नेपालीमा भन्नुस् न." म्हणजे, मी नेपाळी शिकतेय, नेपाळीत बोला ना. हे वाक्य पाठ करून ठेवा. ते खुशीने नेपाळीत बोलायला लागले, आणि आमाही बाहेर येऊन बसली.

आता तिसरी बाजू, आणि इथे कमेंटमध्ये माझ्याशी वाद घालणारे बरेच आहेत. "हिंदी बोललं तर त्यांना काय वाईट वाटायचंय, आपलाच तर शेजारी आहे." अहो, शेजारी आहे म्हणूनच! 2008 मध्ये नेपाळचे उपराष्ट्रपती परमानंद झा यांनी हिंदीत शपथ घेतली, तर रस्त्यावर आंदोलनं झाली आणि पुढे सर्वोच्च न्यायालयाने ती शपथ अवैध ठरवली. 2015 च्या एप्रिलमध्ये भूकंप झाला आणि त्याच वर्षाच्या शेवटी सीमेवरून इंधन येणं थांबलं. आपण नाकाबंदी केलीच नाही असं भारत सरकार म्हणालं. पण माझी आमा भूकंपात तडकलेल्या घरात, गॅस नसताना, लाकडं गोळा करून स्वयंपाक करत होती. तिच्या घरात त्या महिन्यांचं नाव नाकाबंदीच आहे. असं असताना तुम्ही अमेरिकेचे व्हॉलंटियर म्हणून जाता, चेहरा आपला, "खरी अमेरिकन कुठे आहे?" असं लोक तोंडावर विचारतात, आणि त्यात तुम्ही तोंड उघडलं की हिंदी. मग ती ओळख पुसायला पुढची दोन वर्षं कमी पडतात.

"कल्चर शॉक कितव्या महिन्यात येतो?" हाही प्रश्न सारखा येतो. कालेर्वो ओबर्ग या मानववंशशास्त्रज्ञाने 1960 च्या लेखात त्याचे टप्पे मांडले: आधी मधुचंद्र, मग चिडचिड, मग हळूहळू रुळणं. महिन्याचा हिशोब सगळ्यांना सारखा लागत नाही. पण आपल्यासारख्यांना तो उशिरा येतो असं माझं मत आहे. वरण-भात तोच, देव तेच, कपाळावर टिळा तोच. सगळं ओळखीचं वाटत राहतं. ट्रेनिंग संपून एकटे गावात गेलात, आणि समोरचा विनोद सगळ्यांना कळला पण तुम्हाला नाही, की मग धक्का बसतो. तेव्हा आधाराला शिक्षक नसतो, गट नसतो.

मग करायचं काय? संध्याकाळी सहा ते आठ चुलीपाशी बसायचं. बस. कुठे बसायचं ते आधी विचारा, कारण काही घरांत चुलीजवळ बाहेरच्यांना येऊ देत नाहीत, आणि पाळीच्या दिवसांत त्या घरच्या बायकाही जात नाहीत. ते पटो न पटो, पहिल्या महिन्यात वाद घालायला जाऊ नका. मी गेले त्या हंगामात आमा गुन्द्रुक करत होती. मुळ्याचा आणि मोहरीचा पाला उन्हात मऊ पडू द्यायचा, कुटायचा, मग बरणीत मुठीने दाबून भरायचा. ती म्हणायची, "थिच, अझ थिच!" पाण्याचा थेंब वर आला की आणखी दाब. तोंड घट्ट बांधून बरणी उबेला ठेवायची, पाला आंबला की वाळवायचा. त्या एका कामात दाबणं, कुटणं, वाळवणं, आंबट, ओलं, पुरे, अजून नाही, सगळं नेपाळी मला हातातून आलं. वहीत लिहायची गरज पडली नाही.

अपवाद आहेत. कोणी आजारी पडलं, अपघात झाला, तर जी भाषा येईल ती बोला. तराईतल्या, म्हणजे भारताला लागून असलेल्या सपाट भागातल्या लोकांची मातृभाषा मैथिली, भोजपुरी, थारू. तिथे हिंदीचं गणित वेगळं आहे. पण पीस कोअरची गावं बहुतेक डोंगराळ भागात असतात.

शेवटचं, हे आई-बाबांसाठी. हिवाळ्यात न्यू जर्सी आणि नेपाळ यांत पावणेअकरा तासांचा फरक असतो. तुम्ही सकाळी सव्वासातला चहा घेऊन फोन लावता, तेव्हा तिकडे बरोबर संध्याकाळचे सहा वाजलेले असतात आणि तुमची मुलगी चुलीपाशी बसलेली असते. त्या वेळी फोन केलात तर ती उठून खोलीत जाईल. रात्री जेवणं उरकून आठ वाजता करा. तिकडे पहाटेचे पावणेसात असतात, तासाला जायच्या आधी निवांत अर्धा तास मिळतो, आणि तेव्हा हवं तेवढं मराठी बोला.