जिंकतो तो नीट थांबणारा

नमस्कार मंडळी! आज बोलायचंय अलास्कातल्या इडिटारोड रेसबद्दल, कुत्र्यांच्या स्लेजची जगातली सगळ्यात फेमस शर्यत, १९७३ पासून चालू आहे, अँकरेज ते नोम, जवळपास १६०० किलोमीटर नुसता बर्फ. पहिल्या वर्षी जिंकणाऱ्याला २० दिवस लागले होते, आणि २०१७ ला मिच सीव्ही सव्वाआठ दिवसांच्या आत पोचला!

एवढं ऐकलं की वाटतं, जो जोरात पळवेल तो जिंकेल. अजिबात नाही. स्लेज चालवणाऱ्याला मशर म्हणतात, त्याच्या हातात लगाम नसतो, फक्त आवाज, 'जी' म्हटलं की उजवीकडे, 'हॉ' म्हटलं की डावीकडे, पुढचा लीडर कुत्रा ते ऐकतो आणि अख्खी टीम वळवतो. मशरची खरी कसोटी लागते ती स्लेज थांबल्यावर. कुत्र्यांखाली सुकं गवत अंथरायचं, बर्फ वितळवून पाणी करायचं, खाऊ घालायचं (एकेका कुत्र्याला दिवसाला १०,००० कॅलरीच्या आसपास लागतात), मग एकेकाचे चारही पंजे बघायचे, पायातले बूट बदलायचे, आणि एवढं झाल्यावर वेळ उरलाच तर स्वतः डोळा लावायचा. २४ तासांचा एक मुक्काम तर सक्तीचाच, शिवाय ८-८ तासांचे दोन. कुत्रा लंगडायला लागला की त्याला चेकपॉइंटला सोडायचं, तिथून विमानाने परत नेतात, पण त्याच्या जागी दुसरा मिळत नाही, त्यामुळे आज जास्त ताणलं तर पुढे टीमच उरत नाही.

या रेसमध्ये कुत्रे मेलेतही, जागोजागी व्हेट असूनही, आणि त्यावरून जी टीका होते ती व्हायलाच हवी असं मला मनापासून वाटतं.

पण १९८५ ची गोष्ट सांगतोच. शाक्टूलिक नावाच्या चेकपॉइंटला वादळामुळे बाकीचे थांबले, लिबी रिडल्स मात्र टीम घेऊन गोठलेल्या समुद्रावर निघाली, रात्र स्लेजमध्येच काढली आणि रेस जिंकणारी पहिली बाई ठरली. पुढची तीन वर्षं लागोपाठ सुझन बुचर जिंकली. आणि १९७८ ला तर निकाल एका सेकंदाने लागला, रिक स्वेन्सन स्वतः आधी लाइनपार गेला होता, पण डिक मॅकीच्या लीडर कुत्र्याचं नाक त्याच्या कुत्र्यांच्या आधी पोचलं होतं, म्हणून विनर मॅकी!

दरवर्षी मार्चच्या पहिल्या शनिवारी रेस सुरू होते, ऑनलाइन फॉलो करता येते. पुढे कोण आहे ते बघालच, पण कोणाचा २४ तासांचा मुक्काम झालाय आणि कोणाचा बाकी आहे तेही बघा, नाहीतर पहिला नंबर बघून फसाल.